लैंगिक अत्याचारानंतरच्या मदतीसाठी नागपुरात बहुविभागीय पथक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अशा पथकात काम करणाऱ्या किंवा ते उभे करू पाहणाऱ्या पोलीस, डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, वकील आणि सामाजिक कार्यकर्त्यांसाठी आहे. आत्ता, या क्षणी कोणाला मदत हवी असेल तर पुढचे नंतर वाचा. तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे क्रमांक आहेत.

पथक म्हणजे नेमके काय? आणखी एक समितीच ना?

समिती अहवाल लिहिते. पथक रात्री दोन वाजता फोन उचलते.

अत्याचार झालेल्या बाईला काही दिवसांत पोलीस ठाणे, मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी, स्त्रीरोग विभाग, दंडाधिकारी, सखी केंद्र आणि विधी सेवा प्राधिकरण अशा पाच-सहा दारांतून जावे लागते. प्रत्येक दाराचे रजिस्टर वेगळे, शिक्का वेगळा, साहेब वेगळा. दोन दारांच्या मधल्या जागेची जबाबदारी कोणाचीच नसते. तीच हकिगत ती ठाणे अंमलदाराला सांगते, मग तपास अधिकाऱ्याला, मग निवासी डॉक्टरला, मग पुन्हा समुपदेशकाला. कोणी कोणाला किती मिनिटांत कळवायचे, पहिल्यांदा काय विचारायचे, दुसऱ्यांदा काय विचारायचे नाही, हे या सगळ्यांनी मिळून लिहून ठरवणे आणि पाळणे म्हणजे पथक. अमेरिकेत मेम्फिस, मिनिआपोलिस, अमॅरिलो अशा शहरांनी १९७० च्या दशकात परिचारिकांना या कामाचे खास प्रशिक्षण देऊन सुरुवात केली. आपल्याकडे कायदा आणि यंत्रणा वेगळी आहे, म्हणून ती रचना जशीच्या तशी उचलून चालत नाही.

शहरात भरोसा सेल (पोलिसांचा महिला-मुलांसाठीचा मदत कक्ष) आहे, सखी वन स्टॉप सेंटर आहे. मग वेगळे पथक कशाला?

वेगळे कार्यालय नकोच. आहेत त्याच माणसांनी एका वेळापत्रकाने काम करायचे आहे. सखी केंद्राची योजना २०१५ पासून आहे. तिथे समुपदेशन, कायदेशीर सल्ला आणि साधारण पाच दिवसांचा तात्पुरता निवारा मिळतो. पण पीडितेला तिथपर्यंत स्वतःच पोचायला लागले, तर त्याचा उपयोग अर्धाच. समुपदेशकाने रुग्णालयात यावे, हा पथकाचा पहिला नियम ठेवा.

कोणाकोणाला घ्यायचे?

आठ ते बारा माणसे पुरतात. महिला पोलीस अधिकारी, कॅज्युअल्टी वैद्यकीय अधिकारी, स्त्रीरोग व न्यायवैद्यक विभागाचे प्रत्येकी एक डॉक्टर, एक परिचारिका (हिला हमखास विसरतात, आणि रात्रभर पीडितेजवळ तीच असते), सखी केंद्राची किंवा संस्थेची समुपदेशक, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची वकील, सरकारी वकील, बालकल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा सदस्य. धंतोलीतल्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतून कोणी दर बैठकीला येऊ शकत नसेल, तर तीन महिन्यांतून एकदा तरी बोलवा. नमुने का परत येतात हे तिथल्या लोकांइतके नेमके कोणी सांगू शकत नाही.

विभागप्रमुखाचे नाव कागदावर असावे, पण बैठकीला प्रत्यक्ष ड्युटी करणारा माणूस हवा. प्रत्येकाला एक पर्यायी सदस्यही हवा.

प्रमुख कोण?

आमचे मत स्पष्ट आहे: पोलीस नको, रुग्णालयही नको. दोघांच्याही हातात पुराव्याची जबाबदारी असते आणि एकाने दुसऱ्याची चूक दाखवली की बैठक थंडावते. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालय किंवा विधी सेवा प्राधिकरणाकडे अध्यक्षपद द्या. त्याखाली पगारी, पूर्णवेळ समन्वयक ठेवा. कोणाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून दिलेले समन्वयाचे काम तीन महिन्यांत बंद पडते.

सुरुवात कुठून करायची?

करारपत्रापासून नको, जुन्या प्रकरणांपासून करा. निकाल लागलेली दहा प्रकरणे घ्या, नावे-पत्ते झाका आणि मोठ्या कागदावर वेळेची रेघ ओढा. ठाण्यात किती वाजता आली, गुन्हा किती वाजता दाखल झाला, रुग्णालयात किती वाजता पोचली, तपासणी कधी सुरू झाली, नमुने प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला गेले, हकिगत किती जणांना सांगितली. हा कागद भिंतीवर लागला की वादावादी आपोआप कमी होते, कारण तास कुठे वाया गेले ते सगळ्यांना दिसते.

मग तीन गोष्टी लिहून काढा: रात्रीच्या ड्युटीचा तक्ता, पहिल्या २४ तासांचा क्रम, गोपनीयतेचे नियम. यावर सह्या झाल्या की सामंजस्य करार तयार झाला असे समजा. या कामाला तीन ते चार महिने लागतात, आणि ते लागू द्यावेत.

पहिल्या २४ तासांचा क्रम कसा असावा?

ती ठाण्यात आली तर महिला अधिकारी तिला आतल्या खोलीत बसवते. इजा, शुद्ध, सध्या धोका आहे का, एवढेच आधी विचारते. समुपदेशकाला फोन १५ मिनिटांत. रक्तस्राव, बेशुद्धी किंवा गळा दाबल्याच्या खुणा असतील तर जबाब थांबवून थेट रुग्णालय. गळा दाबलेल्या बाईला वरून काही दिसत नसले तरी सूज नंतर वाढू शकते, म्हणून तिला निरीक्षणाखाली ठेवतात.

गुन्हा हद्दीत घडला नाही म्हणून परत पाठवणे बेकायदेशीर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्याला झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. नागपुरात शहर आयुक्तालय, ग्रामीण पोलीस आणि लोहमार्ग पोलीस अशा तीन हद्दी एकमेकींना लागून असल्याने हा प्रश्न सतत येतो. माहिती नोंदवलीच नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली अधिकाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे सश्रम कारावास होऊ शकतो.

रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर 'रेप केस' असे ओरडून कोणी काही विचारू नये. ठरलेला एक सांकेतिक शब्द सांगितला की रांग न लावता बंद खोली मिळाली पाहिजे. उपचार आधी, संमती नंतर, तपासणी त्यानंतर. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ नुसार पोलिसांना माहिती मिळाल्यापासून २४ तासांत तिला तपासणीसाठी पाठवायचे आणि डॉक्टरने अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे द्यायचा, असे बंधन आहे. तपासणीनंतर आंघोळ, स्वच्छ कपडे, जेवण. मग सुरक्षित घर आहे का ते पाहून तिला पोचवणे, आणि पुढच्या भेटीची तारीख लिहिलेला कागद तिच्या हातात देणे. त्या कागदावर गुन्ह्याचा उल्लेख नको. तो घरात दुसऱ्याच्या हाती पडू शकतो.

पोलिसांचे पत्र नसेल तर डॉक्टर तपासणी करू शकतात का?

हो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात. ती थेट रुग्णालयात आली तर 'आधी ठाण्यात जा' म्हणायचे नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत प्रथमोपचार किंवा उपचार देणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार बंधनकारक आहे. नकार दिल्यास प्रभारी व्यक्तीला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

तिला तक्रारच करायची नसेल तर?

हा सर्वात नाजूक भाग आहे, आणि इथे खोटे आश्वासन देऊ नये. त्याच कलम ३९७ नुसार रुग्णालयाला पोलिसांना कळवावेच लागते. म्हणून हकिगत विचारण्याआधी तिला हे सांगा. पोलीस आले तरी जबाब द्यायचा की नाही हे प्रौढ बाई स्वतः ठरवते. तिचा नकार समजावून, लिहून, तिच्या सहीने नोंदवा. तपासणीला नकार दिला म्हणून औषधे थांबवता येत नाहीत. काही नमुन्यांना हो आणि काहींना नाही असेही ती म्हणू शकते, आणि फॉर्मवर प्रत्येक बाबीसमोर तशी नोंद करावी. वय १२ च्या पुढे असेल तर तपासणीची संमती तिची स्वतःची लागते. त्याखालच्या वयात पालकांची.

नमुने घेताना आणि पाठवताना काय बिघडते?

बहुतेक चुका साध्या असतात, म्हणूनच त्या टळू शकतात.

पहिली, ओला स्वॅब तसाच सीलबंद करणे. बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. स्वॅब आणि कपडे सावलीत, पंख्याच्या थेट झोतापासून दूर, नैसर्गिकरीत्या वाळवावे लागतात. उन्हात किंवा हिटरवर नाही. दुसरी, प्लास्टिकची पिशवी. आत बाष्प धरते, म्हणून कागदी पाकिटेच वापरा, आणि प्रत्येक कपड्याला वेगळे पाकीट. तिसरी, मोठा कागद न अंथरता कपडे काढायला लावणे. त्या कागदावर पडलेले केस, धागे, माती हाच पुरावा असतो. कागदाची घडी करून तोही पाकिटात जातो. चौथी, तोंडाचा स्वॅब घेण्याआधी पाणी किंवा चहा देणे. हे मायेपोटीच होते. तोंडाशी संबंधित अत्याचार असेल तर आधी स्वॅब, लगेच मग पाणी. गुंगीचे औषध दिल्याची शंका असेल तर पहिली लघवीही टाकून न देता भांड्यात घ्या.

रक्ताच्या नळ्यांची गल्लत होते. दारू किंवा औषधाच्या तपासणीसाठी सोडियम फ्लोराइडची नळी, डीएनएसाठी ईडीटीएची. गर्भपात झाला असेल तर गर्भाचा नमुना फॉर्मेलिनमध्ये कधीही ठेवू नका. फॉर्मेलिनने डीएनए निकामी होतो. तो सलाइनमध्ये, बर्फाच्या डब्यातून पाठवतात.

घटनेला ९६ तास होईपर्यंत स्वॅब घेतात. आंघोळ केली, कपडे बदलले म्हणून तपासणी टाळू नये. कपडे धुतले असले तरी जमा करावेत.

यानंतर साखळी. पाकिटावर नाव किंवा संकेतांक, नमुना, जागा, तारीख, वेळ, डॉक्टरची सही, लाखेचे सील आणि सोबत सीलचा नमुना. डॉक्टरच्या हातून पोलिसाच्या हाती जाताना दोघांच्या सह्या. पोलीस पत्रावरची तारीख आणि पाकिटावरची तारीख जुळत नाही, हा बचाव पक्षाचा आवडता मुद्दा असतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. गाडीच्या डिकीत राहिलेला रक्ताचा नमुना दुपारपर्यंत वाया जाऊ शकतो. म्हणून ठाण्यात मुद्देमालासाठी छोटा फ्रिज आणि नेणाऱ्या अंमलदारासाठी बर्फाचा डबा हवाच, आणि नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवण्याचा पथकाचा स्वतःचा नियम असावा.

तपासणीची किती संच-पाकिटे ठेवावीत?

प्रत्येक मोठ्या रुग्णालयात किमान पाच आणि तालुक्याच्या ठिकाणी दोन. त्याशेजारी एक कपाट: वेगवेगळ्या मापांचे सलवार-कुर्ते, आतले कपडे, चपला, सॅनिटरी पॅड, टॉवेल, साबण. पुराव्यासाठी कपडे जमा करून घेतले आणि बदलायला काही दिले नाही, तर बाई रुग्णालयाच्या चादरीत घरी जाते. हे घडू देऊ नका.

'जखम नाही, म्हणजे बलात्कार नाही' असे मत डॉक्टरने दिले तर?

ते चुकीचे आहे. धमकी, भीतीने गोठून जाणे, गुंगी किंवा मधे गेलेला वेळ यांमुळे जखम नसू शकते. अहवालात लिहायचे ते असे: 'जखमा आढळल्या नाहीत, मात्र यावरून लैंगिक अत्याचार नाकारता येत नाही.'

विदर्भाला हा धडा फार महागात शिकावा लागला आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नसणे आणि तिचा पूर्वीचा लैंगिक संबंध या गोष्टी तिच्या विरोधात धरल्या गेल्या. त्यानंतर देशभर उठलेल्या आवाजातून १९८३ चा कायदेबदल झाला. तरीही 'सवयीची आहे' अशा अर्थाची वाक्ये कुठे कुठे अजून उमटतात. दोन बोटांची चाचणी (योनीत बोटे घालून 'सवय' ठरवणे) २०१४ च्या तत्त्वांत निषिद्ध आहे, आणि ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. फॉर्मवर तो रकाना दिसला तर फॉर्मच बदला.

औषधांचे काय?

गर्भधारणा टाळण्यासाठी लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, शक्य तितक्या लवकर. ७२ तासांत उत्तम, पाच दिवसांपर्यंत देता येते. उलटी झाली तर डोस पुन्हा. एचआयव्ही टाळण्याची औषधे पहिल्या दोन तासांत मिळावीत अशी धडपड हवी. ७२ तासांनंतर ती सुरू करत नाहीत. ती २८ दिवस घ्यायची असतात, आणि गाडी इथेच अडते: पहिल्या दिवशी थोड्या गोळ्या देऊन 'एआरटी केंद्रात (एचआयव्ही औषधोपचार केंद्रात) या' सांगितले की बरीचशी येत नाहीत. पूर्ण २८ दिवसांची औषधे पहिल्याच दिवशी देण्याची सोय रुग्णालयाकडून लेखी करून घ्या. तपासणीच्या अहवालासाठी पहिला डोस थांबवू नका. याशिवाय धनुर्वाताचे इंजेक्शन, हिपॅटायटिस बीची लस आणि लैंगिक संसर्गावरची प्रतिजैविके. सगळे एकदम उपाशीपोटी दिले तर उलटी होणारच, म्हणून आधी दोन घास.

पुढच्या भेटी: दोन दिवसांनी, तीन आणि सहा आठवड्यांनी. एचआयव्ही चाचणी पहिल्या दिवशी, सहा आठवडे, तीन आणि सहा महिन्यांनी. गर्भ राहिलाच, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आहे. २० आठवड्यांपर्यंत एका आणि त्यापुढे दोन डॉक्टरांचे मत लागते.

पीडित अल्पवयीन असेल तर काय बदलते?

बरेच काही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या कलम १९ खाली कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, शिक्षकावर आणि शेजाऱ्यावरही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा. २४ तासांत बालकल्याण समिती आणि विशेष न्यायालयाला कळवायचे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. बालकल्याण समितीने नेमलेली सहाय्यक व्यक्ती खटला संपेपर्यंत सोबत राहते. तिची नेमणूक आठवडाभर लांबली की मूल एकटे पडते, म्हणून समन्वयकाने त्याचा पाठपुरावा रोज करावा.

गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना द्यायच्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२२ चा निर्णय आहे. बऱ्याच डॉक्टरांना तो माहीत नसतो.

नरखेड, भिवापूर, पारशिवनीसारख्या तालुक्यांत हे कसे जमणार?

तालुक्यातल्या सरकारी रुग्णालयात दोन प्रशिक्षित डॉक्टर, दोन संच आणि औषधांचा साठा असेल तर बाईला नागपूरला आणण्याची गरजच बहुधा पडत नाही. रेफर करून पाठवले की दीड-दोन तास प्रवासात जातात आणि दोन जागी तपासणी होते. गंभीर इजा असेल तरच पाठवा. पाठवताना पहिला डोस देऊनच पाठवा. महिला डॉक्टर नाही, या कारणाने प्रौढ बाईची तपासणी रखडू नये. तिची हरकत नसेल तर महिला परिचारिकेसमोर पुरुष डॉक्टर ती करू शकतात.

भाषेची अडचण येते का?

येते, आणि ती लपून राहते. विटभट्ट्यांवर, बांधकामावर छत्तीसगडी बोलणाऱ्या बाया असतात. रामटेक पट्ट्यात गोंडी ऐकू येते. त्यांचे हिंदी 'हो-नाही' पुरते असते, आणि जबाब मात्र अस्खलित मराठीत लिहिला जातो. कोर्टात तो पहिल्याच उलटतपासणीत तुटतो. दुभाष्यांची यादी आधी करा. ठेकेदार, मुकादम किंवा नवरा यांना दुभाषी म्हणून कधीही घेऊ नका. ऐकू न येणाऱ्या किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी दुभाषी वा विशेष शिक्षक आणि चित्रीकरण कायद्यानेच सांगितले आहे.

पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी?

उपचार, समुपदेशन आणि नमुने यांत काहीच फरक नाही. फरक कायद्यात आहे. पोक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पण न्याय संहितेतली बलात्काराची व्याख्या बाईपुरतीच आहे आणि जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३७७ ची जागा घेणारे काही नव्या संहितेत नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यातले कलम १८ आहे, त्यात शिक्षा कमाल दोन वर्षे. ही उणीव मोठी आहे. वकिलाने ती पीडित व्यक्तीला पहिल्याच भेटीत खरीखुरी सांगावी.

पथकाचा व्हॉट्सॲप ग्रुप चालेल का?

तक्ता आणि बैठकीची वेळ यांपुरता. नाव, गाव, फोटो, केसपेपर यातले काहीही त्यावर नको. ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. गावाचे नाव, जात आणि वय एवढे जुळले तरी लहान गावात ओळख पटते.

समुपदेशकाच्या नोंदींना वकील-अशील संवादासारखे कायदेशीर संरक्षण नाही. न्यायालय त्या मागवू शकते. म्हणून नोंदी थोडक्यात, काय मदत केली एवढ्यापुरत्या ठेवाव्यात. घटनेचा तपशील समुपदेशकाने पुन्हा लिहून काढू नये. दोन कागदांत एखादा शब्द वेगळा पडला की त्याचा त्रास पीडितेलाच होतो.

आर्थिक मदत आणि कोर्ट?

राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, आणि अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. गुन्हा दाखल झाला की कागद पाठवण्याची जबाबदारी एका ठरलेल्या माणसाकडे द्या. बाईचे बँक खाते नसणे किंवा ते नवऱ्यासोबत संयुक्त असणे, यात अर्ज अडकतो. तिच्या एकटीच्या नावाचे खाते पहिल्या आठवड्यातच उघडून द्या.

तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा असतो आणि ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते पीडितेला कळवायचे असते. ते कोण कळवणार हे लिहून ठेवा. साक्षीआधी तिला कोर्टाची खोली दाखवणे, कोण कुठे बसते ते सांगणे योग्य आहे. काय बोलायचे ते शिकवणे मात्र कोणीही करू नये. पथकातल्या माणसाने केले तर खटला त्यानेच बुडवला असे होते.

चांगली सुरू झालेली पथके का मोडतात?

मे-जूनच्या बदल्यांमुळे. प्रशिक्षित अधिकारी गडचिरोलीला जातो, डॉक्टर यवतमाळला, आणि नव्या माणसाला पथक आहे हेच माहीत नसते. जुलैचा पहिला आठवडा दरवर्षी नव्यांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवा. दुसरे कारण बंदोबस्त. डिसेंबरचे अधिवेशन, दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, गणेशोत्सव या दिवसांत महिला अधिकारी सगळ्यात आधी बंदोबस्ताला जातात. त्या तारखांचा वेगळा तक्ता महिनाभर आधी आयुक्तालयाकडून मंजूर करून घ्या. तिसरे, थकवा. रोज अशा हकिगती ऐकणाऱ्या समुपदेशकाला आठवड्यात दोनपेक्षा जास्त रात्रपाळ्या देऊ नयेत आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या तज्ज्ञाशी बोलायची सोय असावी.

काम नीट चालले आहे हे कसे ओळखायचे?

शिक्षेच्या टक्क्यावरून नाही. तो आकडा यायला वर्षे लागतात आणि त्यावर पथकाचा ताबा नसतो. महिन्याच्या बैठकीत सहा आकडे फळ्यावर लिहा: दारातून डॉक्टरपर्यंत किती मिनिटे, समुपदेशक किती मिनिटांत, रुग्णालयात एकूण किती तास, हकिगत किती वेळा सांगितली, नमुने किती दिवसांत प्रयोगशाळेत, आणि २८ दिवसांची औषधे किती जणींनी पूर्ण केली. बैठक ९० मिनिटांची, एकेका प्रकरणावरची चर्चा संकेतांकाने आणि वेगळ्या वेळी. ज्या महिन्यात हकिगतीचा आकडा दोनच्या वर गेला, त्या महिन्यात बाकी विषय मागे ठेवून आधी तो कुठे वाढला ते शोधा.